बोलणं जिवावर येतं, पण पटकथा तर लिहायचीय

ऐकताय ना? की वाचताय? कारण हा भाग आपण नेहमीसारखा लिखित स्वरूपातही टाकतोय. खरं सांगू का, मला स्वतःला पॉडकास्ट ऐकण्यापेक्षा वाचायलाच जास्त आवडतात. वाचताना समोरचा माणूस उत्तराची वाट बघत नाही. तर आजचा विषय काय असणार, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमचे जे मेसेज आले, त्यात एक प्रश्न सारखा येतोय. शब्द वेगवेगळे, पण प्रश्न तोच. ‘मला पटकथा लिहायच्यात, पण माणसांत गेलं की तोंडातून शब्द फुटत नाही. मी या लाइनमध्ये टिकेन का?’ एका मुलीने लिहिलंय, ‘ताई, अनोळखी नंबरवरून फोन आला की मी तो वाजून वाजून बंद होऊ देते आणि मग मेसेज करते, कोण बोलतंय?’ बाई गं, मीही हेच करते. तू एकटी नाहीस.

आधी शब्दाचं बघू. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी कार्ल युंगने १९२१ साली आपल्या पुस्तकात मांडली आणि मग ती जगभर पसरली. आपल्याकडे घराघरांत मात्र वेगळेच शब्द होते. घुम्या, एकलकोंडा, मुखदुर्बळ, माणूसघाणा. सगळे शिवी दिल्यासारखे! मला लहानपणी बार्शीत ‘घुमी’ म्हणायचे. पण यातला फरक समजून घ्या. बुजरा माणूस लोकांना घाबरतो. अंतर्मुख माणूस घाबरतोच असं नाही, तो दमतो. लग्नाच्या हॉलमध्ये तीन तास काढले की ज्याला नंतर एक दिवस कुणाशी बोलू नये असं वाटतं, तो अंतर्मुख. काहींच्या बाबतीत दोन्ही असतं. माझ्या बाबतीत दोन्ही आहे.

आता मोटिव्हेशन. लोकांना वाटतं की ते लिहिण्याच्या टेबलावर जातं. म्हणजे कोऱ्या पानाकडे बघून बघून माणूस खचतो. आपल्यासारख्यांच्या बाबतीत मला तसं दिसत नाही. टेबलावर आपण सुखी असतो. रात्री अकरानंतर घरातले झोपलेत, पंखा कुरकुरतोय, लॅपटॉपवर सीन नंबर सदतीस उघडलाय, याच्यासारखं सुख नाही. आपलं मोटिव्हेशन जातं ते मिटिंगहून परत येताना, अंधेरी स्टेशनच्या जिन्यावर. कुणीतरी ‘मजा नाही आली’ म्हटलेलं असतं, आणि ते आपल्या लिखाणाबद्दल होतं की आपल्या आवाजाबद्दल, हेच कळलेलं नसतं.

हे असं का होतं, ते या धंद्याच्या रचनेत आहे. कादंबरी लिहिली की ती थेट वाचकाकडे जाते, लेखक घरी बसला तरी चालतं. पटकथा मात्र वाचकासाठी नसतेच. ती दिग्दर्शकासाठी, कॅमेरामनसाठी, प्रॉडक्शन मॅनेजरसाठी असते. बांधकामाच्या नकाशासारखी. नकाशावर कुणी राहत नाही, त्यामुळे तो कुणाला तरी समजावून सांगावाच लागतो. आणि आपल्याकडे, मराठीत काय नि हिंदीत काय, तो समजावून सांगायची रीत म्हणजे नॅरेशन. शंभर-सव्वाशे पानं सहसा कुणी आधी वाचत नाही. ‘या, ऐकवा’ म्हणतात. समोर तीन माणसं, त्यातल्या एकाचा फोन सतत वाजतोय, चहा येतोय, आणि तुम्ही दीड तास सिनेमा ‘दाखवायचा’. अंतर्मुख माणसाला छळायचं म्हणून कुणी मुद्दाम पद्धत शोधली असती, तर तीही इतकी नेमकी निघाली नसती.

माझी एक मैत्रीण होती. म्हणजे आहे, पण लेखिका होती. आम्ही दोघी सोबत सुरुवात केली. ती माझ्यापेक्षा चांगलं लिहिते, हे मी नम्रपणे वगैरे म्हणत नाहीये, खरंच लिहिते. तिच्या पटकथेत एक सासू होती. ती सुनेशी भांडण झालं की काही न बोलता फक्त तिच्या हातचा चहा अर्धा टाकून द्यायची. अख्ख्या सिनेमात चार वेळा. पाचव्या वेळी ती कप पूर्ण संपवते, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी येतं. कागदावर! एका प्रोड्युसरच्या ऑफिसात तिने हे वाचून दाखवलं. तिचा आवाज बारीक, मान खाली. वीस मिनिटांनी समोरचे म्हणाले, ‘मॅडम, एनर्जी नाहीये.’ आता चहा अर्धा टाकणाऱ्या सासूत एनर्जी कुठून आणायची? असं तीन ठिकाणी झालं. चौथ्या ठिकाणी ती गेली नाही. आता ती गावी असते, शाळेत शिकवते, बरी आहे. ती पटकथा पेन ड्राइव्हमध्ये आहे.

तेव्हा मी मोटिव्हेशन म्हणते, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे असतं. सकाळी पाचला उठा आणि थंड पाण्याने आंघोळ करा, हे नाही. ज्यांना लिहिता येतं ती माणसं निव्वळ बोलण्यापायी निघून जातात, आणि पडद्यावर राहतात ती बोलघेवड्यांच्या डोक्यातली माणसं. मग आपण म्हणतो, मराठी सिनेमात सगळे ओरडूनच का बोलतात!

बरं, मग करायचं काय? मी काय करते ते सांगते. तुम्हाला जमेल ते घ्या.

पहिली गोष्ट, नॅरेशन हे ‘बोलणं’ आहे असं मी मानत नाही. ते वेगळं लिखाण आहे. पटकथेची प्रत आणि ऐकवायची प्रत या दोन वेगळ्या फाइल असतात माझ्याकडे. ऐकवायच्या प्रतीत ‘अंतर्गत, दिवस, स्वयंपाकघर’ असलं काही नसतं. पात्रांची नावंही मोजकीच. ऐकणाऱ्याच्या डोक्यात पाच नावांवर सहावं राहत नाही, म्हणून ‘गेटमन’, ‘मोठी’, ‘धाकटी’, ‘मास्तर’ असंच म्हणायचं. संवाद सगळे वाचायचे नाहीत, ज्या संवादाने सीन वळतो तेवढाच वाचायचा. दोन तासांचा सिनेमा या प्रतीत साधारण एक तास दहा मिनिटांत बसतो. पहिली दहा मिनिटं मला तोंडपाठ असतात, शब्द न् शब्द. पुढचं मी कागद हातात धरून वाचते आणि हे सुरुवातीलाच सांगून टाकते: ‘मी वाचून दाखवणार आहे, सत्तर मिनिटं लागतील, मध्ये एक ब्रेक घेऊ.’ एवढं एक वाक्य आधी बोललं की खोलीचा ताबा थोडासा आपल्याकडे येतो. समोरच्याला ‘हिला बोलता येत नाही’ असं न वाटता ‘हिची ही पद्धत आहे’ असं वाटतं.

आणि हे आपल्याला परकं नाही हो. बार्शीत भगवंताच्या देवळात आजीबरोबर मी कीर्तनं ऐकलीत. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, मग उत्तररंगात आख्यान. बुवा आख्यान सांगताना कुठे थांबतात, पेटीवाल्याकडे कधी बघतात, कंटाळलेली पोरं चुळबुळायला लागली की आवाज कसा खाली आणतात, वर नाही बरं का, खाली. ते सगळं नॅरेशनच आहे. दुसरं उदाहरण कथाकथनाचं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले आणि तिघांनीही चित्रपटांसाठी लिहिलं. कथा तर त्यांनी आधीच लिहिलेली, छापलेली असायची. तरी लिहिणं हे एक काम आणि सांगणं हे दुसरं काम, हे त्यांच्या श्रोत्यांनाही कळत होतं. दुसरं काम सरावाने येतं. फोनचा रेकॉर्डर लावा, वाचा, मग ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं हा पहिले चार दिवस छळ असतो. पाचव्या दिवशी तुम्ही आवाज विसरता आणि ‘हा सीन लांबलाय’ हे ऐकू यायला लागतं. हा पॉडकास्ट मी का सुरू केला असं विचारता ना? त्याचं उत्तर हेच आहे. मला बंद खोलीत, कुणी बघत नसताना, बोलायचा सराव हवा होता.

नॅरेशनच्या दिवशी मी दुसरी कुठलीही मिटिंग ठेवत नाही आणि दुसरा दिवस रिकामा ठेवते. त्या दिवशी निकालाचा विचार करायचा नाही, दमलेल्या डोक्याला सगळं काळंच दिसतं. ‘मी आता हे सोडते’ हा निर्णय मिटिंगनंतरच्या अठ्ठेचाळीस तासांत घ्यायला मला स्वतःकडून परवानगी नाही.

प्रीमियर, पार्ट्या, ‘नेटवर्किंग’ यांबद्दल थोडक्यात: मी जात नाही. पण जानेवारीत पुण्याला पिफला मात्र जाते, कारण तिथे रांगा असतात. रांग ही आपल्या जातकुळीच्या माणसाची मोठी सोय आहे. पुढचा माणूस पळून जाऊ शकत नाही, विषय तयार असतो (‘सकाळचा इराणी बघितला का?’), आणि दार उघडलं की संभाषण आपोआप संपतं. माझे दोन अगदी कामाचे परिचय रांगेतले आहेत.

कॉलेजात असाल तर एकांकिका लिहा. हे मी फार आग्रहाने सांगते. पुरुषोत्तम करंडक पुण्यात १९६३ पासून चालू आहे, आणि अशा स्पर्धा आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. सिनेमा लिहिल्यावर तो पडद्यावर यायला पाच-सात वर्षं सहज जातात, आलाच तर. एकांकिका तीन महिन्यांत उभी राहते. आणि लेखकाची जागा कुठे? अंधारात, मागच्या रांगेत. कुणाशी बोलायचं नाही. फक्त ऐकायचं, लोक कुठे हसले, कुठे खोकले. खोकला आला की समजायचं सीन पडला. भरत नाट्य मंदिरात पोरं वरून ओरडतात तो प्रतिसाद तर कुठल्याही प्रोड्युसरपेक्षा प्रामाणिक असतो.

आता जरा पैशांचं बोलू, कारण मोटिव्हेशनवरच्या भाषणांत याबद्दल कुणी बोलत नाही. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ तुम्ही बघितला असेल. २०१४ला व्हेनिसला गेला, बक्षिसं मिळाली, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो लिहिला जात असताना विवेक गोम्बर, म्हणजे सिनेमातला बचाव पक्षाचा वकील आणि निर्माताही, त्यांनी ताम्हाणेंना लिहिण्यासाठी दरमहा पैसे दिले होते. मला या गोष्टीतून जो धीर मिळतो, तो कुठल्याच सुविचारातून मिळत नाही. कारण ती सांगते की चिकाटी ही बऱ्याचदा घरभाड्याची गोष्ट असते. तुम्ही ढेपाळलाय ते इच्छाशक्ती कमी पडली म्हणून, की महिन्याच्या वीस तारखेला खात्यात सातशे रुपये उरलेत म्हणून? नीट बघा.

आपल्याला सगळ्यांना विवेक गोम्बर भेटणार नाहीत, म्हणून नोकरी करा. आणि शक्य असेल तर अशी करा जी तुमचं बोलणं खर्च करत नाही. मी सबटायटल्स करते. दिवसभर दुसऱ्यांचे संवाद मराठीत, दोन ओळींत, वाचून व्हायच्या आत बसवायचे. कुणाशी बोलणं नाही. वर शिकायला मिळतं: माणूस जे बोलतो त्यातलं निम्मं कापलं तरी अर्थ राहतो, आणि जिथे राहत नाही तो संवाद खरा चांगला लिहिलेला असतो. कॉल सेंटरमध्ये आठ तास बोलून घरी येऊन लिहिणारीही माणसं मी बघितलीत. त्यांना माझा दंडवत. माझ्याच्याने झालं नसतं.

अजून एक भीती असते आपल्यात, ‘कुणी चोरलं तर?’ बोलणारा माणूस दहा ठिकाणी कथा सांगून मोकळा होतो. आपण ती छातीशी धरून बसतो आणि त्याला सावधपणा म्हणतो. कायदा समजून घ्या म्हणजे भीती आटोक्यात राहते. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. कल्पनेवर हक्क नसतो, ती जशी लिहिलीय त्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद या नाटककारांच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय. त्यांच्या नाटकावरून सिनेमा केला असा दावा होता, आणि ते हरले. म्हणजे ‘रेल्वेच्या गेटमनची गोष्ट’ ही तुमची नाही. शंभर पानं लिहिलीत, ती तुमची. म्हणून आधी पूर्ण लिहा. मग स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद व्हा, घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते, कुणाशी बोलावं लागत नाही. आणि मिटिंग झाली की त्याच संध्याकाळी मेल टाका: आज अमुक कथा ऐकवली, अमुक पानांची प्रत दिली, आभार. बडबड्या लोकांना हे मेल लिहायचा कंटाळा येतो. आपल्याला येत नाही. ही आपली ताकद आहे, वापरा.

रविवारचं सांगायचं राहिलं. दर रविवारी रात्री नऊला आम्ही चौघं मीटवर भेटतो, कॅमेरे बंद. नियम एकच, त्या आठवड्यात लिहिलेला एक सीन आणायचा आणि तो दुसऱ्याने वाचायचा. स्वतःचा नाही वाचायचा. लिहिला नसेल तर फक्त ऐकायला यायचं, कारण विचारायचं नाही. नंतर प्रत्येकाने एवढंच सांगायचं की कुठे लक्ष उडालं. ‘छान आहे’ म्हणायला बंदी. पाऊण तासात संपतं. अडीच वर्षं चाललंय. माझी ती मैत्रीणही येते. ती लिहीत नाही, वाचते फक्त. आणि सांगू? वाचते फार सुंदर. काळोख्या स्क्रीनवर नुसता आवाज येतो तेव्हा तो बारीक वाटत नाही. मी तिला ‘पुन्हा लिही’ असं एकदाही म्हटलेलं नाही. मागच्या रविवारी तिने विचारलं, ‘माझा तो जुना सीन आणू का, चहाचा?’ आम्ही तिघं एकदम ‘आण’ म्हणालो. माइक सगळ्यांचे चालू होते त्यामुळे नुसता गोंधळ ऐकू आला.

मोटिव्हेशनल पॉडकास्टबद्दलही बोललं पाहिजे, मी स्वतः एक करत असले तरी. ताम्हाणेंचाच ‘द डिसायपल’ बघा. २०२०ला व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालं त्याला. त्यात शरद नेरुळकर रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून बाइकवर जातो, कानात हेडफोन, आणि माईंची जुनी व्याख्यानं ऐकतो. साधना, त्याग, एकांत. आवाज सुमित्रा भावेंचा आहे, ऐकत राहावा असा. पण सिनेमा आपल्याला हळूहळू दाखवतो की ऐकण्याने काय होतं नि काय होत नाही. तुमच्यातले निम्मे लोक आत्ता मला असंच ऐकताय, लोकलमध्ये नाहीतर बाइकवर. बाइकवर असाल तर आधी हेडफोन काढा.

मी स्वतः कुठे आहे, तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं की वरून उपदेश चाललाय. वय एकोणतीस. पूर्ण झालेल्या पटकथा तीन. बनलेल्या शून्य. एकीचे पन्नास हजार आगाऊ मिळाले होते, पुढे काही झालं नाही. आई दर फोनला एकदा विचारते, आणि विचारायची तिची पद्धत आता इतकी हळुवार झालीय की मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. पूर्वी म्हणायची ‘कधी येणार सिनेमा?’ आता म्हणते ‘जेवण वेळेवर होतंय ना?’ मला माहितीय प्रश्न तोच आहे.

आणि या गुरुवारी माझं नॅरेशन आहे. आरामनगरला, वर्सोव्याला, सकाळी अकराला. तिसरी पटकथा. आमच्याकडची नॅरोगेज गाडी, बार्शी लाइट, ती रुंद व्हायची ठरते तेव्हा एका गेटमनच्या घरात काय होतं, त्याची. ऐकवायची प्रत चौतीस पानांची झालीय, अजून चार कापायचीत. पहिली दहा मिनिटं पाठ आहेत, फक्त धाकटी रुळावर कान लावून गाडी ऐकते तिथे मी दरवेळी घाई करते, तिथे थांबायचंय. शुक्रवार रिकामा ठेवलाय. मैत्रिणीला विचारलंय, सोबत येऊन मोठीचे संवाद वाचशील का म्हणून. तिने अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. ‘गाडीचं बघते’ म्हणालीय.

बास, माझा आजचा बोलण्याचा कोटा संपला, घसाही बसला. मेसेज करा, फोन नको. भेटू पुढच्या भागात.